काका, जिप्सीच्या पेट्रोल प्रेशर गेजबद्दल जाहीर आभार

काका नमस्कार,

तुम्ही पैसे घेतले नाहीत, पेढे आणले तर शुगर आहे म्हणालात, म्हणून शेवटी हे असं चारचौघांत लिहितोय, वाचून चिडू नका. नाव मुद्दाम टाकलेलं नाही, नाहीतर उद्या अर्धी भोसरी तुमच्या गेटबाहेर गाड्या लावून उभी राहील आणि काकू मला परत चहा देणार नाहीत.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझी जिप्सी किंग, एमपीएफआयवाली (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, पेट्रोल इंजेक्टरने सोडणारी), सपाटीला एकदम मख्खन आणि ताम्हिणी घाट चढायला लागली की मिसिंग मारायची, पाय दाबला की गाडी उलट मागे ओढल्यासारखी. प्लग झाले, कॉइल झाली, सेन्सर झाले, प्रत्येक मेकॅनिकचं वेगळं मत आणि प्रत्येक मताचं वेगळं बिल. काकांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पेट्रोलचं प्रेशर किती येतंय?" ते कोणीच मोजलं नव्हतं. काका कंपनीत आयुष्यभर इन्स्ट्रुमेंट फिटर, त्यामुळे न मोजता पार्ट बदलणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच.

आता गेज बसवायचा तर या इंजिनाच्या रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल वाटणारी नळी) टेस्टिंगसाठी वेगळं तोंड नाही, म्हणजे फिल्टरच्या पुढे फीड होज (इंजिनाकडे पेट्रोल नेणारी रबरी नळी) कापून मधे टी (तीन तोंडांचा जोड) टाकायचा आणि टीच्या तिसऱ्या तोंडाला गेज. ऐकायला सोपं आहे. नाना पेठेत गेलो तर प्रत्येक दुकानदार "बसतंय की साहेब" म्हणून काहीतरी हातात ठेवत होता, आणि खरंच बसतही होतं, तीच तर गंमत. ऑनलाइन मागवलेल्या टीला एक सूत (इंचाचा आठवा भाग) एनपीटी म्हणजे अमेरिकन मापाचे आटे, आपल्याकडचा गेज पाव इंच बीएसपी म्हणजे ब्रिटिश मापाचा, आणि दुकानात मिळणारे निपल-रिड्यूसर झाडून सगळे बीएसपी. एक सूत बीएसपीला इंचात 28 आटे आणि एनपीटीला 27, वर एकाच्या आट्यांचा कोन 55 अंश आणि दुसऱ्याचा 60, त्यामुळे एकमेकांत दोन-अडीच आटे झकास जातात, पुढे घट्ट झाल्यासारखं वाटतं, माणूस खूश होतो आणि पेट्रोल आपलं आट्यांच्या वळणावळणाने बाहेर येतं. टेफ्लॉन टेप गुंडाळा म्हणणारेही भेटले. काका तुम्ही खिशातून थ्रेड गेज (आटे जुळवून बघायची दातेरी पाती) काढून पात्यांमधून उजेड दाखवलात ना, तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की फिटिंग घ्यायला जाताना पाकिटाच्या आधी व्हर्नियर खिशात पाहिजे. त्या मापाने एनपीटीचं मेल टोक साधारण सव्वादहा मिलिमीटर आणि बीएसपीचं पावणेदहाच्या आत भरतं, एवढा फरक नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

तुम्ही काय आणायला सांगितलंत त्यापेक्षा काय आणू दिलं नाहीत, त्याचे आभार मला जास्त मानायचे आहेत. माझ्या यादीवर तुम्ही जी काट मारलीत! जीआयची (गॅल्वनाइज्ड लोखंडाची) कोपरी आधी गेली, पेट्रोलमधे जस्ताचा मुलामा टिकत नाही आणि आता तर पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे, पितळच घे. पारदर्शक पीव्हीसी नळी गेली. साधा कार्ब्युरेटरवाला होज गेला, त्याच्या जागी अंगावर जे30 आर9 छापलेला इंजेक्शनचा होज आला, कारण कार्ब्युरेटरच्या गाडीत प्रेशर असतं चार-पाच पीएसआय आणि इथे चाळीसच्या आसपास. टेफ्लॉन टेप गेला, त्याचा एक धागा सुटून आत गेला तर इंजेक्टरचं जे होईल ते तुम्ही ज्या शब्दात सांगितलंत ते इथे लिहिता येत नाही. टेपच्या जागी पेट्रोलला चालणारं लिक्विड सीलंट, तेही पहिले दोन आटे कोरडे सोडून.

आणि पाण्याच्या नळाचा तो छोटा बॉल व्हॉल्व. मला वाटत होतं कॉक तो कॉक, पितळेचा आहे, बंद होतो, अजून काय पाहिजे. तुम्ही वाद घातला नाहीत, त्याच्या स्पिंडलची ओ-रिंग काढलीत, आपल्या डब्यातली एक व्हायटॉनची (पेट्रोलला दाद न देणारं रबर) घेतलीत, दोन्ही लोणच्याच्या बरणीत पेट्रोल घालून बुडवून ठेवल्यात आणि म्हणालात उद्या ये. दुसऱ्या दिवशी नळातली रिंग चांगली फुगलेली, आपल्या खाचेत परत बसेना, आणि व्हायटॉनची जशीच्या तशी. (काकू, बरणी नवीन आणून देतो.)

मग नीडल व्हॉल्व (सुईसारख्या टोकाने प्रवाह बारीक करणारा कॉक) आला, तोही फक्त गेजच्या फांदीवर, मेन फीडवर कॉक लावायचा नाही ही तुमची सक्त ताकीद. त्याचा दुहेरी उपयोग आहे, काम झालं की गेज बंद करून काढता येतो, आणि चालू असताना जेमतेम उघडा ठेवला की इंजेक्टरच्या ठोक्यांनी काटा थरथरत नाही, वाचता येतो. गेज 0 ते 7 किलोचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो, एक किलो म्हणजे साधारण 14 पीएसआय) घ्यायला लावलात, कारण काम तीन किलोच्या आत-बाहेर चालणार तर काटा डायलच्या मधल्या भागात फिरला पाहिजे. मी ग्लिसरीन भरलेलाच पाहिजे म्हणून अडून बसलो होतो, दिसायला भारी असतो ना. तुम्ही म्हणालात भारी आहे, पण बॉनेटखाली तापला की आतलं ग्लिसरीन फुगतं आणि केसमधे कोंडलेलं प्रेशर काट्याचं रीडिंग ढळवतं, वरचं रबरी बूच उघडून श्वास घेऊ दे मग वाच.

राहिला एनपीटी ते बीएसपी ॲडॉप्टर. तो काही केल्या मिळेना, मुंबईत नागदेवीला जाऊन यायची माझी तयारी होती, तर तुम्ही तुमच्या ओळखीच्या लेथवाल्याकडून पितळेच्या रॉडमधून काढून घेतलात, एक टोक एक सूत एनपीटी मेल आणि दुसरं पाव इंच बीएसपी फिमेल, आत बसायला तांब्याचा वायसर. असलं फिनिशिंग दुकानाच्या मालाला नसतं हे मी शपथेवर सांगतो.

बसवायच्या दिवशी पंपाचा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलंत, बॅटरीची मायनस सोडलीत, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवायला लावलात, आणि गेज टीवर लटकवू न देता आखूड होजने वेगळ्या पट्टीवर बांधलात, कंपनाने टीची मान तुटते म्हणून. मला डॅशबोर्डवर गेज हवा होता त्याला चक्क नाही म्हणालात. पेट्रोलची नळी माणसं बसतात तिथे आणायची नाही, फारच हौस असेल तर सेंडर (प्रेशरचा विजेचा सिग्नल देणारा सेन्सर) लाव आणि आत फक्त वायर आण. (डिझेल कॉमन रेलवाल्या मित्रांनो, तुमच्या रेलमधे हजार-दीड हजार बारचं प्रेशर असतं, हे उद्योग फक्त लो प्रेशर बाजूला, रेलच्या वाटेला जाऊ नका.)

मग इंजिन बंद, चावी ऑन, प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर लावून बघितला, सगळे कोरडे. आयडलला सव्वादोन किलो, रेग्युलेटरची (पेट्रोलचं प्रेशर सांभाळणारा भाग) व्हॅक्युमची नळी काढल्यावर पावणेतीनच्या वर. म्हणजे रेग्युलेटर ठीक. तेवढ्या ट्रायलपुरता गेज लांब होजने बाहेरच्या बाजूने काचेवर टेपने चिकटवून आपण चढाला गेलो, आणि जिथे पाय दाबल्यावर काटा वर जायला पाहिजे तिथे तो सरळ दीडच्या खाली घसरला. तुम्ही शेजारच्या सीटवरून फक्त "हं" म्हणालात. टाकी उतरवली तर पंपाची जाळी गंजाने आणि गाळाने गच्च. जाळी बदलली, टाकी धुतली, आणि आता त्याच चढाला काटा तीनला चिकटून असतो.

लेथवाल्याने ॲडॉप्टर दोन काढले होते, दुसरा माझ्याकडे पडून आहे. रविवारी बरणीबरोबर आणून देतो, आणि माझ्या मेव्हण्याची एस्टीमही थोडी बघायची होती, पण ते काकूंना आत्ताच सांगू नका.

तुमचा,
जिप्सीवाला