संत्री विसरली, पन्नास रुपये नाही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, हल्ली तुम्हाला विसरायला होतं, आणि रविवारी फोनवर बोलता बोलता तुम्ही विचारलंत, "आठवणच राहिली नाही, तर मागे राहिला तो कोण?" आईने लगेच फोन घेतला आणि कूलर, वाळवणं, शेजारचं बांधकाम असं सगळं सुरू केलं. आई, तुझंही बरोबर होतं. असल्या प्रश्नावर काहीतरी गोड बोलून मोकळं होण्यापेक्षा कूलर बरा. पण प्रश्न खरा आहे, म्हणून हे पत्र. हवं तेव्हा काढून परत वाचता येईल. शिवाय आयुष्यभर लोकांची पत्रं लावणाऱ्या माणसाला घरचं एक तरी यावं.

तुमच्यासारखाच विचार करणारा एक मोठा माणूस होऊन गेला, सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक. त्याच्या मते कालचा माणूस आणि आजचा माणूस एकच, कारण आजच्याला कालचं आठवतं. पुढच्या शतकात टॉमस रीड या दुसऱ्या तत्त्वज्ञाने त्याला पेचात धरलं. बागेतली फळं चोरली म्हणून मार खाल्लेला एक पोरगा पुढे सैन्यात अधिकारी होतो आणि शत्रूचा झेंडा हिसकावतो. म्हातारपणी तो सेनापती होतो. अधिकाऱ्याला तो मार आठवतो. सेनापतीला झेंडा आठवतो, पण मार पार विसरलेला असतो. लॉकच्या हिशेबाने पोरगा आणि अधिकारी एक, अधिकारी आणि सेनापती एक, पण पोरगा आणि सेनापती मात्र वेगळे! मला तर बाई हे पटलं. तीन वर्षांची होईपर्यंतचं मला काहीच आठवत नाही, म्हणून ते रडकं पोट्टं मी नव्हतेच असं म्हटलं तर आई ऐकून घेईल का?

आता एका खऱ्या माणसाची गोष्ट. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा एक तरुण होता. त्याला फिट यायच्या. 1953 साली, तो 27 वर्षांचा असताना, त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा) बराचसा भाग शस्त्रक्रियेने काढला. फिट कमी झाल्या, पण त्यानंतरची कुठलीच नवी घटना त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर नावाच्या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला लावली. हे फार अवघड असतं, करून बघा. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी त्याचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी तो समजत होता की आपण हे पहिल्यांदाच करतोय. घटना लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग वेगळा आणि हाताला वळण लावणारा वेगळा, हे जगाला त्याच्यामुळे नीट कळलं. 2008 मध्ये, 82 व्या वर्षी तो गेला. माणूस शेवटपर्यंत सौम्य होता, संशोधकांशी अदबीने वागायचा, विनोद करायचा. नाव, घर, आईबाप आठवत होते. काल मात्र नव्हता.

तुमचं तर अजून त्याच्या जवळपासही काही नाही. तुम्ही आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत, पत्रं लावणारे सॉर्टर म्हणून लागलात आणि 15 ऑगस्ट 1972 ला पिन कोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, हे तुम्ही आम्हाला इतक्यांदा सांगितलंय की माझ्या मुलीलाही पाठ आहे. पण जुन्या सॉर्टरला पिन कोड कशाला लागतो? धावत्या डब्यात, उभ्याने, पत्त्याकडे अर्धी नजर टाकली की पत्र आपल्या खान्यात. काटोल, नरखेड, पांढुर्णा, मुलताई, आमला, बैतूल. मागच्या दिवाळीला तुम्ही माझ्या लग्नाची तारीख चुकवलीत आणि त्याच संध्याकाळी माझ्या हातातला पत्त्यांचा कॅट घेऊन बोलता बोलता चारही रंग लावून ठेवलेत. अंगठा तसाच, पत्ता पुढे सरकवणारा. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहरातले सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. मेंदूच्या अभ्यासक एलेनॉर मॅग्वायर यांनी 2000 साली दाखवलं, की त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. सॉर्टरांची मोजणी कोणी केली असती तर तुमचं नाव वर आलं असतं, अशी माझी खात्री आहे. (ही मुलीची खात्री आहे, विज्ञानाची नाही.)

आणि आता संत्र्यांचं. आईने हसत सांगितलं, पण मला रात्रभर तेच सुचत राहिलं. "गोकुळपेठेत संत्री आणायला गेले अन् रिकाम्या पिशवीनं परत आले. मंग म्हणतात, दूधवाल्यानं पन्नास जास्त दिले, परत देऊन येतो. एवढ्या उन्हात!" संत्री विसरलात, पन्नास रुपये नाही विसरलात. निना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स या दोन संशोधकांनी 2015 साली मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांच्या रुग्णांच्या घरच्यांना विचारलं: हा माणूस तुम्हाला अजून तोच वाटतो का? ज्यांची स्मरणशक्ती गेली होती, त्यांना घरचे बहुतेक 'तोच' म्हणत होते. प्रामाणिकपणा, माया, दुसऱ्याची कदर ज्यांच्यातून गेली होती, त्यांच्याबद्दल घरचे म्हणाले, हा आमचा राहिला नाही. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे, बाबा. मागे राहतो तो पन्नास रुपये परत द्यायला जाणारा.

पण आठवण गेली तर गेली, असं मी म्हणणार नाही. दिलेला शब्द, घेतलेलं कर्ज, मागितलेली माफी, यातलं आठवणीवाचून काय टिकतं? फक्त ती एकाच डोक्यात ठेवलेली नसते. 23 नोव्हेंबर 1994 ला नागपूरच्या विधानभवनावर गेलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, 114 जीव गेले. बहुतेक बाया आणि लेकरं. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. तुम्ही दरवर्षी स्मारकापाशी जाता, आपलं कोणी नव्हतं तरी. तिथे येणाऱ्या तरुण पोरांपैकी निम्मी तर तेव्हा जन्मलीही नव्हती. दीक्षाभूमीचं तेच. 14 ऑक्टोबर 1956 चा दिवस डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता किती उरली? तरी दसऱ्याला लाखोंनी लोक येतात, रस्तोरस्ती अन्नदान चालतं, आणि त्या दिवशी आपल्या आजोबांनी काय घेतलं आणि काय टाकलं हे नातू सांगतो. स्वतःला न घडलेलं आठवायचं आणि त्यापुढे नीट वागायचं, हे माणसाला जमतं.

रमण विज्ञान केंद्राचं तारांगण नवं होतं तेव्हा तुम्ही मला घेऊन गेला होतात. देवयानी दीर्घिकेचा उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो, हे ऐकून मी घाबरले होते. पुढे कळलं, की 1964 साली पेन्झियास आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या रेडिओ अँटेनात जी खरखर जाईना, ती विश्वाच्या सुरुवातीच्या उजेडाची होती. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं, आणि तो उजेड ते जेमतेम 3,80,000 वर्षांचं असतानाचा. म्हणजे जुन्या खुणा सगळीकडे पडलेल्या आहेत, पण विश्वाला त्यांचं सुखदुःख नाही. त्या खुणा बघून "असं झालं होतं" म्हणणारं, आणि त्याहून पुढे जाऊन "असं व्हायला नको होतं" म्हणणारं कोणी, आपल्याला ठाऊक आहे तोवर, इथेच आहे. एवढ्या अफाट पसाऱ्यात आपली जागा केवढी, असं तुम्ही तेव्हा मला विचारलं होतं. मी "स्टूलाएवढी" म्हणाले होते म्हणे. मला हे आठवत नाही, तुम्हाला आठवतं. हिशेब तसा बरोबरीचा आहे.

आई, आता तुझ्याशी. "सांगा बरं, काल कोण आलं होतं?" हे बंद कर. परीक्षा घेतल्याने आठवण परत येत नाही, चिडचिड मात्र होते. 2010 साली काही संशोधकांनी विस्मरण असलेल्या रुग्णांना दुःखी प्रसंगांच्या फिती दाखवल्या. थोड्या वेळाने फितीत काय होतं ते त्यांना सांगता येईना, दुःख मात्र तसंच होतं. तू काय विचारलंस ते बाबा विसरतील, पण ओशाळलेपण दुपारभर राहील. आणि तुझी आठवण फार पक्की आहे असंही समजू नकोस. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1974 साली लोकांना मोटारींच्या टकरीच्या फिती दाखवल्या. प्रश्नात 'आदळल्या'सारखा जोरकस शब्द आला की लोकांना गाड्यांचा वेगही जास्त आठवायचा. तुमच्या लग्नात पाऊस पडला की नाही यावर तुमचं भांडण अजून मिटलेलं नाही. मला वाटतं दोघंही खोटे आहात.

बाकी कामाचं. मंगळवारी सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बी-12 आणि थायरॉइड बघतील. या दोन्हींच्या कमतरतेने विसरायला होतं आणि औषधाने फरक पडू शकतो. बाबा, कानही तपासून घ्या. अर्धं ऐकू आलेलं अर्धंच लक्षात राहतं, आणि मशीनला तुम्ही तीन वर्षं नाही म्हणताय. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, झोपेचीसुद्धा, कारण काही गोळ्यांनीही डोकं जड होतं. काही निघालं तर निघालं, मी अक्षय्य तृतीयेला येतेच आहे, तेव्हा बसून ठरवू.

डॉक्टर बाबांना विचारतील, आज वार कोणता, महिना कोणता. आई, तू उत्तर देऊ नकोस.

तुमची,
धाकटी