पावसाळ्यापूर्वी सेप्टिक टँक उपसणे : सर्व बंगलेधारकांसाठी सूचना

सभासदहो,

रविवार, २४ मे रोजी सकाळी ८ पासून मैला उपसणारी गाडी आपल्या वसाहतीत येणार आहे. टाकी उपसून तीन वर्षे झाली असतील त्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांकडे नाव द्यावे.

२२ जुलै २०२१ चा पूर चिपळूणकरांना वेगळा सांगायला नको. पण पूर आला नाही तरी हल्ली काही तासांतच धो धो पाऊस कोसळतो. जमिनीतले पाणी वर चढते, शोषखड्डा तुडुंब होतो आणि संडासाचे पाणी उलटे भांड्यात येते. तेच विहिरीतही झिरपते, म्हणून पावसाळाभर पाणी उकळूनच प्या.

- झाकणावरच्या कुंड्या, माती आधीच हलवा.
- पागोळ्यांचे पाणी शोषखड्ड्याकडे जाऊ देऊ नका. चर खणून बाजूला काढा.
- ऐन पावसात टाकी पूर्ण रिकामी करू नका. खालच्या पाण्याच्या दाबाने रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, वर उचलली जाते आणि पाइप तुटतात.
- टाकीत माणूस उतरवायचा नाही, कोणी स्वस्तात करून देतो म्हटले तरी नाही. आतल्या वायूने क्षणात जीव जातो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानेही सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा आहे.

– सचिव