सानूची शाळा तुमच्या घरी

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितेय. यंदा शाळा ऑनलाइनच सुरू होतेय आणि पहिले सहा आठवडे सानू तुमच्याकडे राहील, असं आम्ही ठरवून टाकलंय. आधी विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण आम्ही दोघंही दिवसभर कामावर, आणि सात वर्षांचं पोर पडद्यासमोर एकटं फार वेळ टिकत नाही. दादाकडचं तुम्हाला माहीतच आहे. खरंच दुसरी सोय असती तर तुमच्यावर भार टाकला नसता.

वर्ग ९ ते ११.३०, मध्ये दोन सुट्ट्या. बाबांची दुपारची झोप आणि आईचं वाचन, दोन्ही जिथल्या तिथे राहील. आरामखुर्ची हलवायची नाही. टेबल खिडकीपाशी लावा, पण खिडकी सानूच्या बाजूला यायला हवी. पाठीमागे आली तर बाईंना नुसती काळी आकृती दिसते. टॅबचा पडदा हातभर लांब, वरची कड तिच्या डोळ्यांच्या रेषेत. पाय लोंबकळले की ती पुढे सरकून वाकते, म्हणून पायांखाली छोटं स्टूल. दर २० मिनिटांनी तिला २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायला लावा. आई, तूही बघ. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात, आणि तुझे डोळे आधीच कोरडे पडतात.

राउटर कपाटात आहे, तो बाहेर काढावा लागेल. टॅबवर त्याच्या वायफायची नावं दोन दिसतील: ५ गिगाहर्ट्झचं वेगवान, पण भिंतीत अडतं, टेबल पलीकडच्या खोलीत असेल तर २.४चंच घ्या. चित्र अडकलं तर आधी सानूचा कॅमेरा बंद करा, बरेचदा तेवढ्यानेच बाईंचा आवाज सुधारतो. नाहीच जमलं तर राउटर बंद करून ३० सेकंदांनी चालू करा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं थांबा. मोबाइल डेटावर तासाला साधारण एक जीबी जातो, तेव्हा तो अगदी शेवटचा उपाय. एकाच खोलीत दोन फोनवर एकच वर्ग लावू नका. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि सगळ्या वर्गाला शिट्टी ऐकू येते. बाबा, तुमच्या श्रवणयंत्राचं ब्लूटूथ टॅबला जोडू नका. जोडलं तर बाईंचा आवाज तुमच्या कानात जाईल आणि सानूला काहीच ऐकू येणार नाही. तुम्हाला कमी ऐकू येतं असं म्हणत नाहीये मी, यंत्रच तसं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिकवायचं तुम्ही नाही. शेजारी बसा, पण उत्तर पुरवू नका. वर्गात बाई बाकांमधून फिरतात, वहीत डोकावतात, कोण कुठे अडलंय ते त्यांना न विचारता कळतं. पडद्यावर त्यांना फक्त चेहरे दिसतात. तुम्ही हळूच '१४' म्हणालात की सानूला हातचा येत नाही हे त्यांना आठवडाभर कळणारच नाही. म्हणून वहीच्या पानाचा फोटो चुकांसकट पाठवा, खोडलेलंही दिसू द्या. आई, माझ्या चुका खोडायच्या आधी तू दोनदा बघायचीस, तसंच. पान सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वरून धरा, स्वतःची सावली पडू देऊ नका.

पहिला आठवडा अभ्यासाचा नाहीच, चेहरे ओळखण्याचा आणि माइक बंद-चालू करायला शिकण्याचा आहे. ती रडली तर कॅमेरा बंद करून जवळ घ्या, वर्ग चुकला तरी चालेल. बाई समजून घेतात. वर्गाचा दुवा फक्त पालकांच्या गटावर बाईंनी टाकलेलाच उघडायचा. कोणीही ओटीपी मागितला तर द्यायचा नाही, बाबा, कितीही गोड बोलला तरी.

आणि हे ऐकायचंच. नाश्त्यानंतरच्या गोळ्या वर्गाच्या आधी घ्यायच्या, सुट्टीत नाही. आई, गुडघ्यांसाठी दर सुट्टीत उठून चार पावलं टाक. अडीच तास दोघांनी मिळून बसायचं नाही, पाळ्या करा. थकलात तर सांगा, लपवू नका. मी दुसरं काहीतरी बघेन, रागावणार नाही.

मी शनिवारी सकाळी येतेय. टॅबचे सगळे अपडेट करून आणते, म्हणजे ते वर्गाच्या मधेच सुरू व्हायचे नाहीत. राउटरही मीच काढेन. बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
चिऊ