सकारात्मकता हवी, पण ओव्हरटाइमच्या बदल्यात नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीतील ताणावर सकारात्मक विचारांचा उतारा सांगणारे लेख अलीकडे वरचेवर वाचनात येतात, आणि आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांतूनही या विषयावर अधूनमधून व्याख्याने होऊ लागली आहेत. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, पंचवीसेक वर्षे पर्यवेक्षक म्हणून काम केल्यावर याबाबत जे वाटते, ते मांडण्यासाठी हे पत्र.

काही वर्षांपूर्वी जुलैत आठ-दहा दिवस पाऊस उघडला नव्हता, आणि आमच्या पाळीतली कास्टिंग्ज (ओतीव भाग) एकामागून एक ब्लोहोलमुळे, म्हणजे आत राहिलेल्या पोकळ्यांमुळे, बाद होत होती. ग्राहकाची गाडी फाटकात उभी, वरून दर तासाला फोन, आणि माझ्या डोक्यात एकच घोकणे, की आता आपल्याला हे काम झेपत नाही. घरी आल्यावर ताटावर बसूनही घास उतरत नसे. अशात येळ्ळूरच्या एका वयस्क मोल्डरने, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या कामगाराने, वाळूची मूठ आवळून माझ्यापुढे उघडली. तळहात ओला झाला होता. “सायेब, वाळू ओली झालीया, तुमी कशाला सुकाय लागलाय?” एवढेच ते बोलले. वाळूतला ओलावा वाढला की ओतलेल्या धातूच्या उष्णतेने त्याची वाफ होते, ती बाहेर पडू शकली नाही की कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात. हे मला ठाऊक नव्हते असे नाही, पण स्वतःला दोष देण्याच्या नादात वाळू तपासायचेच राहून गेले होते.

सकारात्मक मन मी तेव्हापासून यालाच समजतो. लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८४ साली मांडले, की समोरचे संकट आपण किती मोठे मानतो आणि ते निभावण्याचे बळ आपल्यात किती आहे असे समजतो, यावर ताण बराचसा अवलंबून असतो. पाळी संपल्यावर वहीत दोन ओळी लिहायची सवय मी त्यानंतर लावून घेतली: आज काय बिघडले, आणि त्यातले माझ्या हातात काय होते. दुसरी ओळ बहुधा पहिलीपेक्षा आखूड निघे, आणि त्या रात्री झोप बरी लागे.

मात्र जे आपल्या हातात नसते, त्यावर ही वही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पुरते थकून जाण्याची, व्याख्या करताना बर्नआउट हा आजार न मानता, कामाच्या ठिकाणच्या दीर्घकालीन ताणाचे नीट व्यवस्थापन न झाल्याचा परिणाम मानला आहे. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळतो. कर्नाटकात २०२३ च्या दुरुस्तीने दिवसाची पाळी १२ तासांपर्यंत नेण्याची वाट मोकळी झाली, आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहिली. बारा तास भट्टीसमोर उभे राहून खानापूरकडची शेवटची बस गाठणाऱ्या माणसाला ‘प्रसन्न राहा’ सांगणे मला तरी जमत नाही. एका कारखान्यात तर दुपारी आनंदी राहण्यावर व्याख्यान झाले आणि संध्याकाळी फळ्यावर रविवारच्या ओव्हरटाइमची यादी लागली. ऐकणाऱ्यांतले निम्मे त्या यादीत होते!

उद्योजक बंधूंना माझी विनंती आहे, की ओव्हरटाइमची यादी आदल्या आठवड्यात लावावी आणि जादा तासांची दुप्पट मजुरी त्याच महिन्यात मिळावी. शिवाय, केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून उपलब्ध आहे आणि त्यावर भाषा निवडण्याची सोयही आहे. तो पंचिंग मशीनशेजारी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहून लावायला एक कागद आणि चार चिकटपट्ट्या लागतात. आपल्या दैनिकानेही तो आठवड्यातून एकदा छापावा, ही विनंती.

आपला,
एक फाउंड्री पर्यवेक्षक, बेळगाव