तुमचं मनगट, माझी नडगी

जिनिव्हा, 4 मे

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

मायना बरोबर आहे ना, बाबा? इतकी वर्षं फोनवर बोलून पत्राची सवयच गेली. पहिली ओळ आठवायलाच पाच मिनिटं लागली.

पत्र एवढ्यासाठी की फोनवर आपण तिघंही खोटं बोलतो. समोरच्या काकूंचा परवा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाल्या, "बाबांचं प्लास्टर निघालं ते बरं झालं हो." मी म्हटलं, "कसलं प्लास्टर?" त्यावर त्यांनी एकदम कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. शिट्टी मला काही ऐकू आली नाही.

म्हणजे महिनाभर बाबा डाव्या हातानं चहा पीत होते, आणि मी समजत होते की यूट्यूबवर बघून मेंदूच्या व्यायामाचं नवं खूळ घेतलंय. आई, तू तर कटात सामील. फोन तूच धरायचीस आणि बाबांचा फक्त डावा खांदा दाखवायचीस. "पेपर वाचतायत" काय, "आंघोळीला गेलेत" काय! दिवसातून किती वेळा आंघोळ करतो माणूस?

काकूंना मीच परत फोन लावला आणि सगळं काढून घेतलं. एका मंगळवारी पहाटे एकटेच सिंहगडावर, तेही आतकरवाडीच्या वाटेनं. उतरताना घसाऱ्यावर पाय सटकला आणि हात टेकला. गुडघ्याच्या डॉक्टरांनी चढ-उतार बंद करायला सांगून दोन वर्षं झाली, हे मी तुम्हाला सांगायला नको.

रागावणार होते. चार ओळी लिहिल्याही होत्या. पण मग माझीच नडगी ठणकली आणि त्या खोडल्या. गेल्या आठवड्यात मी शामोनीला "फिरायला" गेले होते असं सांगितलं, ते अर्धंच खरं होतं. मी पळायला गेले होते, डोंगरात, बर्फ असताना. आणि तिसऱ्या दिवशी मांडीपर्यंत बर्फात गेले. आता सगळं लिहिते. वाचून झालं की तुम्हीही तुमचं सगळं लिहायचं. मनगट बरं झालंय, सबब चालणार नाही.

शामोनी म्हणजे माँ ब्लांच्या पायथ्याचं फ्रान्समधलं गाव. इथून बसनं दीड तासाच्या आत. पहिल्या हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा 1924 मध्ये इथंच झाल्या. बाबा, एक गंमत ऐका. गाव समुद्रसपाटीपासून 1035 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्यापेक्षा खाली. पण तिथल्या चौकात उभं राहून मान वर केली की डोक्यावर 4800 मीटरचा डोंगर. मान इतकी मागे जाते की कानटोपी पडते. (आई, तुझीच, निळी.)

ऑगस्टच्या शेवटी या गावातून माँ ब्लांला वळसा घालणारी शर्यत निघते, 2003 पासून. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड करून परत इथंच. साधारण 170 किलोमीटर आणि एकूण चढ 10,000 मीटर. घाबरू नका, मी त्यात नाव दिलेलं नाही. पण तिच्यामुळे गावात ज्याला त्याला पळायचं वेड आहे. बेकरीतल्या आजीसुद्धा आपल्या बुटांचे तळवे बघून विचारतात, "आज कुठली वाट?"

मी आणि ऑफिसमधल्या दोघी अशा आम्ही तिघी होतो. पहिल्या दिवशी दरीच्या उन्हाच्या बाजूनं, पती बाल्कों स्यूद नावाच्या वाटेनं अर्जांतिएर गावापर्यंत पळालो. डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी वाट. तुम्ही राजगडाच्या संजीवनी माचीखालून न्यायचात ना, त्या जातीची, फक्त झाडी वेगळी. लार्च म्हणून एक झाड आहे, दिसायला देवदारासारखं, पण हिवाळ्यात सगळी पानं झाडतं. सध्या त्याला पालवी फुटतेय, बोटाच्या पेराएवढे हिरवे झुपके. हात लावला तर इतके मऊ की आधी खरं वाटत नाही. मधेमधे सावलीत बर्फाचे मळके पट्टे, बाकी वाट कोरडी. आठ-दहा किलोमीटर गेलो आणि लाल रेल्वेनं परत आलो. त्या दिवसाचे फोटो तुम्हाला पाठवले होते. हसरे फोटो सगळे पहिल्या दिवसाचेच.

रात्री बर्फ पडला, एप्रिल संपत आलेला असताना. सकाळी खिडकीबाहेर ट्युलिपच्या कुंडीवर चार बोटं पांढरं. दुसऱ्या दिवशी आम्ही शहाण्यासारख्या नदीकाठच्या सपाट रस्त्यावरच पळालो. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, बूट भिजले एवढंच.

तिसरा दिवस मोंतांवेरचा. 1913 मीटरवरचं ठिकाण, तिथून मेर द ग्लास ही फ्रान्समधली सगळ्यांत मोठी हिमनदी दिसते. वर दात्यांच्या रुळावरची छोटी गाडी जाते, 1909 पासून. आम्हाला अर्थात पायवाटेनं जायचं होतं, जंगलातून. ही बाजू सावलीची, वायव्येला तोंड केलेली. समोरच्या बाजूला पालवी आणि इथं अजून जानेवारी.

पायात काय घालतेस, हा तुझा पहिला प्रश्न असणार, आई. लोकरीचे मोजे. सुती मोजा एकदा भिजला की वाळत नाही आणि पाय गारठतो. बुटांवर मायक्रोस्पाइक्स, म्हणजे रबराच्या कड्याला साखळ्या आणि खाली लोखंडी दात. चिखलणीच्या ट्रॅक्टरला लोखंडी चाकं लावतात, तसा प्रकार. हातात दोन काठ्या, डोळ्यांना काळा चष्मा, कारण ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो आणि डोळे अक्षरशः भाजतात. पाठीवर शिट्टी, चांदीच्या कागदासारखं पांघरूण, जॅकेट आणि पाणी. पाण्याच्या नळीत प्यायल्यावर फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकलायचं, नाहीतर नळीतच गोठतं. आणि तुझी गुळपापडी. ती थंडीत फरशीसारखी कडक होते, म्हणून आतल्या खिशात, पोटाशी ठेवते. इथल्या लोकांचं ते पाकिटातलं जेल मला गिळवत नाही, खोकल्याच्या औषधात साखर विरघळवल्यासारखं लागतं.

आता चूक सांगते. वसंतातल्या बर्फाचं सगळं गणित घड्याळावर असतं. रात्री तो गोठून दगड होतो आणि पहाटे त्यावरून खुशाल पळता येतं. ऊन चढलं की वरचा थर मऊ होतो, पाय गुडघाभर आत जातो, आणि दुपारी तर उतारावरून ओला बर्फ घसरायला लागतो. म्हणून उजाडताच निघायचं आणि जेवायच्या आत खाली यायचं. हिमप्रपाताच्या धोक्याचा रोजचा अंदाज 1 ते 5 अशा पायऱ्यांत येतो. त्या दिवशी सकाळी 2 आणि दुपारी 3 होता. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं, रात्री वाचूनही झालं होतं. आणि सकाळी आम्ही बेकरी उघडायची वाट बघत बसलो. गरम क्रोसाँसाठी. निघायला साडेआठ वाजले.

वाटेत काये नावाचं ठिकाण लागतं, त्याच्या जरा वर वाट एका नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, आडवी जाते. नाळ बर्फानं भरलेली, वर आदल्या कुणाच्या तरी पावलांच्या खुणा. रुंदी फार तर आपल्या हॉलएवढी. मी पुढे होते. खालून पाण्याचा आवाज येत होता, तो मी ऐकला आणि तरी पाय टाकला. बाबा, तुम्ही पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलंत, तुम्हाला चित्र काढून दाखवायला नको. कालव्याच्या अस्तराखालची माती पाण्यानं वाहून जाते, वरून फरशी धडधाकट दिसते आणि एक दिवस बैलाचा पाय आत जातो. ओढ्यावरच्या बर्फाचं तेच. खालून पाणी त्याला खातं, मध्ये पोकळी, आणि वर उरतं नुसतं छप्पर.

छप्पर बसलं. आवाजही फार झाला नाही, पापड मोडल्यासारखा. उजवा पाय मांडीपर्यंत आत, बूट ओढ्यात आणि नडगी एका दगडाच्या धारेवर. दुसरा पाय वरच दुमडलेला. पाणी इतकं गार की पहिली दोन मिनिटं ते गरमच वाटलं. काठ्या आडव्या टाकून त्यावर भार दिला. मागच्या दोघींपैकी एक पोटावर झोपून पुढे सरकली, पाठपिशवीचा पट्टा धरला आणि ओढलं. कितीही पाय हलवला तरी बूट सुटेना, दातांच्या साखळ्या कुठंतरी अडकल्या होत्या. शेवटी पाय फिरवून टाच आधी काढली तेव्हा सुटला.

काठावर बसून मोजा पिळला. नडगीवर बोटभर लांब ओरखडा, रक्त होतं पण खोल नव्हतं. टाके नाहीत, आई. कोरडा मोजा होता, कोरडा बूट कुठून आणणार? पायावर प्लास्टिकची पिशवी चढवून मग बूट घालायचा, हे मला माहीत होतं. पिशवी मात्र एकच होती, तीत तू पाठवलेला चिवडा. टाकवेना. मग तिघींनी तिथंच, बर्फात बसून, पाव किलो चिवडा पाच मिनिटांत संपवला. एकीला मिरची लागली आणि ती बर्फ खात सुटली. पिशवी झटकून पायात. दिवसभर चालताना मोज्याला दाणे टोचत होते.

दहा वाजून गेले होते. मोंतांवेर वर फार तर तासाभरावर. दोघी म्हणाल्या, नाळ जरा वरच्या अंगानं ओलांडू, आता आलोच आहोत. "आलोच" हा शब्द कुणाचा ते तुम्हाला माहीत आहे, बाबा. आमच्या लहानपणी प्रत्येक गडावर तुम्ही तासभर आधीपासून "आलोच" म्हणायचात. परत फिरलेले तुम्ही मला आठवतच नाही.

मला त्या वेळी आठवली आई. तोरण्याला बिनी दरवाज्याच्या खालचा तो खडक, रेलिंग लावलेला. तू तिथं पदर खोचून बसलीस, पिशवीतली काकडी काढलीस आणि म्हणालीस, "मी इथंच बसते, तुम्ही जाऊन या." बाबांनी किती मनधरणी केली! तू मीठ लावून काकडी खात राहिलीस. मी तेव्हा बारा वर्षांची, मला इतकी लाज वाटली होती की वर जाताना मी मागे वळूनही बघितलं नाही. परवा त्या नाळेशी मी म्हटलं, "मी इथूनच परत," आणि आवाज हुबेहूब तुझा निघाला. दोघींनी वाद घातला नाही. उतरताना टाच रोवत उतरले, घसाऱ्यावर बाबांनी शिकवलं तसं. बर्फातही तेच चालतं. (घसाऱ्यावर तेच चालतं का, हे बाबांनी सांगावं.)

दुसऱ्या दिवशी गाडीचं तिकीट काढून वर गेलो, बाकीच्या आजी-आजोबांबरोबर. बरं झालं गेलो, कारण बाबा, तिथं तुमच्या कामाची गोष्ट आहे. हिमनदीकडे उतरणाऱ्या जिन्यानं खाली गेलो, आणि त्या वाटेवर अमुक साली बर्फ इथवर होता अशा पाट्या लावल्यात. धरणाच्या भिंतीवर पातळीच्या खुणा असतात ना, तशा. 1990 ची पाटी आली तेव्हा मला वाटलं, आता पोचलोच. मी तेव्हा शाळेत जात होते. तिथून खाली बघितलं तर बर्फ अजून कितीतरी पायऱ्या खाली, राखाडी, दगडगोट्यांनी झाकलेला. बर्फ खाली गेला तशा पायऱ्या वाढवाव्या लागल्या. तुम्ही असतात तर वही काढून दोन पाट्यांमधल्या पायऱ्या मोजल्या असत्या. मी मोजायला लागले आणि साठच्या पुढे नडगीमुळे लक्ष उडालं.

तर हे असं आहे. जखमेवर आता खपली आहे, नडगी जिन्यावर दुखते, सपाटीला नाही. पुढचे दोन आठवडे पळणार नाही, आणि खोटं बोलत नाहीये.

आता तुमचं. सिंहगड बंद करा असं मी म्हणणार नाही, तुम्ही ऐकणार नाही आणि मग परत डावा खांदा बघायची वेळ येईल. पण एकटे जायचं नाही. वर जायला गाडीरस्ता आहे, वरती देवटाक्यापर्यंत चालायचं, पिठलं-भाकरी खायची, गाडीनंच खाली यायचं. आणि काठी घ्यायची. "म्हाताऱ्यांची" वगैरे ऐकून घेणार नाही. त्या नाळेत मला वर ठेवलं ते काठ्यांनीच, आणि मी एक्केचाळीस वर्षांची आहे. माझी जुनी जोडी जूनमध्ये येताना आणते, लांबी कमी-जास्त करता येते, पण तुमची उंची आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, म्हणून नीट माप हवं. बूट घालून सरळ उभं राहायचं, कोपर काटकोनात वाकवायचं, आणि आईनं टेपनं जमिनीपासून तळहातापर्यंत मोजायचं. आईनं, बाबांनी नाही, बाबा दोन सेंटिमीटर वाढवून सांगतील. उतरताना लागते म्हणून थोडी वाढवायची जागा मी ठेवीन.

आकडा फोनवर सांगू नका, पत्रात लिहा.

तुमची
चिमी

ता. क. आई, चिवडा संपलाय.