न कोमेजणारी फुले आणि कुजणारी फळे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

हार्वर्ड विद्यापीठातील काचेच्या फुलांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडला. ती काचेतून घडवणाऱ्या ब्लाश्का या कारागीर पिता-पुत्रांच्या कामाविषयी मराठीत क्वचितच लिहिले जाते, म्हणून आपले आणि लेखकाचे आभार. मात्र ‘न कोमेजणारी फुले’ या मथळ्यामुळे वाचकाचा असा समज होतो, की या संग्रहात निसर्गाचा फक्त बहर जपून ठेवलेला आहे. तसे नाही, आणि जे लेखात आले नाही तेच मला त्या संग्रहातील सर्वांत मोलाचे वाटते.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या होस्टरविट्झ येथे लिओपोल्ड आणि रुडॉल्फ यांनी १८८७च्या सुमारास हे काम हाती घेतले. १८९५मध्ये वडील वारले आणि त्यानंतर रुडॉल्फ यांनी ते १९३६पर्यंत एकट्याने चालवले. सुमारे ७८० जातींच्या वनस्पतींच्या ४,३०० प्रतिकृती त्यातून उभ्या राहिल्या. हार्वर्डमधील वनस्पतिशास्त्राचे प्रा. जॉर्ज गुडेल यांना त्या हव्या होत्या त्या शोभेसाठी नव्हे, शिकवण्यासाठी. दाबून वाळवलेल्या नमुन्याचा रंग उडतो आणि आकार चपटा होतो, ही अडचण वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेली आहे. मीही तीस वर्षे अनुभवली. म्हणूनच या संग्रहात फुलासोबत त्याचे मोठे करून दाखवलेले पुंकेसर, उभा छेद दिलेला बीजकोश, काही ठिकाणी परागकण वाहून नेणारे कीटकसुद्धा आहेत. फुलापासून फळापर्यंतचा प्रवास तेथे आधीपासूनच आहे.

त्या प्रवासाचा पुढचा टप्पा रुडॉल्फ यांनी उतारवयात, १९२४ ते १९३२ या काळात घडवला. स्ट्रॉबेरी, पीच, जर्दाळू, प्लम, पेअर ही फळे त्यांनी रोग पडलेली, सडत चाललेली अशी केली. मुलीकडे बोस्टनला गेले असताना, २०१९च्या पानगळीत, ही फळे मला पाहायला मिळाली. पीचची पाने फुगून मुरडलेली आणि लालसर झालेली. कोणत्याही बागायतदाराने पाहताच ‘मुरडा’ म्हणावे अशी. स्ट्रॉबेरीवर चढलेली करडी लव पाहताना तर मी नकळत श्वास रोखून धरला, कारण फुंकर लागली तर ती उडेल असे वाटत होते. ज्योतीवर काच मऊ करून, ती ओढून आणि चिमट्याने वळवून आकार देण्याची त्यांची पद्धत त्या काळी अनेक कारागिरांना ठाऊक होती. पण कडक, चकचकीत काचेतून बुरशीचा ओलसर मऊपणा उतरवण्यासाठी किती दिवस एका कुजक्या फळासमोर बसून राहावे लागले असेल, याचा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

मी सातारा जिल्ह्यातील आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या पट्ट्यात हीच करडी बुरशी ढगाळ, दमट हवेत स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत शिरते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते नुकसानच, त्यात शंका नाही. परंतु बुरशीचेही एक जीवनचक्र असते. फळ मातीला मिळते ते तिच्यामुळे, आणि पुढच्या हंगामाच्या मुळांना त्याच मातीतून पोषण मिळते. रुडॉल्फ यांनी बुरशीकडेही तितक्याच आदराने पाहिले, जितक्या आदराने त्यांनी पाकळीकडे पाहिले होते. म्हणून या संग्रहाचे वर्णन निव्वळ ‘चिरतरुण सौंदर्य’ असे करणे मला अपुरे वाटते.

आपले अनेक वाचक मुलाबाळांकडे बोस्टन परिसरात जातात. त्यांनी हे संग्रहालय पाहावेच, आणि रोगट फळे मांडलेली असतील तर त्या कपाटापाशी आवर्जून थांबावे. लेखाचा दुसरा भाग काढण्याचा आपला विचार असल्यास त्यात त्या स्ट्रॉबेरीचे छायाचित्र मोठ्या आकारात छापावे, ही विनंती. आमच्या भागातील शेतकरी तो रोग नाव न वाचताच ओळखतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र शिक्षिका,
जि. सातारा