राणीच्या बागेची सहल पेंग्विनपाशीच का संपावी?

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात नातीला घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेलो होतो. पेंग्विन पाहून झाल्यावर आम्ही तिथल्याच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरलो आणि अख्खी दुपार तिथेच गेली. बाहेर एका शाळेची मुले इमारतीकडे वळून वळून पाहत होती. मात्र बस सुटेल म्हणून शिक्षकांनी त्यांना घाईघाईने पुढे नेले. त्याची चुटपुट लागून राहिली, म्हणून हे पत्र.

१८७२ मध्ये खुले झालेले हे मुंबईतले सर्वांत जुने संग्रहालय लोकवर्गणीतून उभे राहिले. त्यासाठी झटणाऱ्यांत नाना शंकरशेट यांच्याबरोबर भाऊ दाजी होते. गोव्यातल्या मांद्रे गावी जन्मलेला हा माणूस मुंबईत डॉक्टरकी करता करता प्राचीन शिलालेखही वाचत असे. १९७५ मध्ये संग्रहालयाला त्यांचे नाव मिळाले, हे योग्यच झाले.

वरच्या मजल्यावर मुंबईचे दालन आहे. सात बेटांचे हे शहर कसे घडत गेले, हे मी नातीला समजावत होतो, पण तिचे लक्ष खिळले होते मातीच्या छोट्या प्रतिकृतींवर. त्यांत नाना समाजांची आणि नाना धंद्यांची माणसे आहेत आणि डोक्यावरच्या पगड्या-पागोट्यांची ठेवण प्रत्येकाची निराळी. “आजोबा, यात आपलं कोण?” तिने विचारले. माझे वडील कोकणातून गिरणीत कामाला आले, ही गोष्ट मी तिला त्या काचेच्या कपाटासमोर पहिल्यांदा सांगितली.

बाहेर आवारात दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. इंग्लंडला नेण्यासाठी १८६४ मध्ये उचलताना तो फुटला आणि त्याचे तुकडे पुन्हा जोडले गेले ते थेट १९१४ मध्ये. फोर्टातून १९६५ मध्ये हलवलेला मूळ ‘काळा घोडा’ हा अश्वारूढ पुतळाही इथेच बागेत आहे.

शाळांनी या बागेची सहल ठरवताना संग्रहालयासाठी निदान एक तास राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रतिकृती लहान असल्याने एका कपाटाभोवती सगळा वर्ग मावत नाही, तेव्हा मुलांचे छोटे गट करावेत. प्रत्येक गटाबरोबर गिरणगावात वाढलेले कुणी आजी-आजोबा असतील, तर फार बरे होईल. कोणत्याही शाळेने बोलावल्यास मी स्वतः आनंदाने येईन.

— एक ज्येष्ठ वाचक, लालबाग, मुंबई